स्वयंपाकघरापासून सात मीटर

डिसेंबर २०२१ मधल्या एका दुपारी शाळेतून घरी आले, तर परसात लाल-पांढऱ्या रंगाच्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या. एक शोषखड्ड्याच्या कडेला, दुसरी गोठ्यापलीकडे कांद्याच्या वाफ्यात. सासूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "तीन पोरं आली होती. मोजमाप केलं, पाणी प्यायली, गेली. गॅसची लाइन जायची म्हणं इकडून."

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागातलं आमचं गाव. घर गावठाणात नाही, शेतात आहे. सासऱ्यांनी २००९ साली आपल्याच गटात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी असं बांधलं. बांधाला त्यांनी १९९८ मध्ये लावलेली केशर आंब्याची अकरा झाडं. सासरे २०१४ मध्ये गेले. आम्ही चौघं तिथेच राहतो: सासूबाई, मी, आमचे हे आणि धाकटी मुलगी. थोरला पुण्यात नोकरीला आहे. त्याने लग्नानंतर घरामागेच दोन खोल्या वाढवायच्या ठरवल्या होत्या.

मी खुंटीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत टेप लावला. सात मीटर.

यांचा पहिला विचार खुंट्या उपटून फेकायचा. मी हाताला धरून थांबवलं. पुढे वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं, की अधिसूचनेनंतर सर्वेक्षणाच्या खुणा मुद्दाम काढणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्या खुंट्या अधिसूचनेच्या आधीच ठोकलेल्या होत्या, म्हणजे त्या पोरांनी आम्हाला विचारून आत यायला हवं होतं. पण उपटून मिळालं काहीच नसतं. रेघ नकाशावर होती.

दोन महिने काहीच हालचाल नाही. १७ फेब्रुवारीला, गुरुवारी, शेजारच्या मळ्यातले काका सहज बोलून गेले, "तुमच्या आबांच्या नावाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलाय बघा." आबा म्हणजे माझे सासरे. जाऊन आठ वर्षं झाली होती, पण सातबाऱ्यावर नाव त्यांचंच होतं. वारस नोंद करू करू म्हणत आम्ही राहिलो होतो. त्यामुळे टपालाने आलेली नोटीसही 'या नावाची व्यक्ती नाही' म्हणून परत गेलेली.

फळ्यासमोर उभी राहून मी ते पान वाचलं. भारताच्या राजपत्रातल्या अधिसूचनेची ती प्रत होती. कायद्याचं नाव लांबलचक, १९६२ सालचं: पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनसाठी जमिनीच्या वापराचा हक्क संपादन करण्याचा कायदा. खाली गट नंबरांची लांब यादी, आमचा गट, आणि त्यापुढे क्षेत्र: हेक्टर शून्य, आर २३, चौरस मीटर ६०. हरकत असेल तर प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, असं शेवटी लिहिलं होतं. प्रत ९ फेब्रुवारीला लागली होती. मी बोटांवर मोजलं. शेवटचा दिवस २ मार्च. माझ्या हातात १३ दिवस.

तलाठ्यांकडे धावले. वारस नोंदीला अर्ज द्यायचा, फेरफार धरायचा, मग नोटिशीचे १५ दिवस. म्हणजे सातबाऱ्यावर आमचं नाव लागेपर्यंत हरकतीची मुदत उलटून जाणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याच घराबद्दल बोलायला आपण कागदावर कुणीच नाही, हे फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टातले एक वकील भेटले. कसलीही घाई न करता त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून कलम ५ दाखवलं. हरकत घ्यायला सातबाऱ्यावर नाव लागतंच असं नाही, जमिनीत हितसंबंध असलेली कुणीही व्यक्ती ती घेऊ शकते. "तुमच्या सासूबाई त्या घरात राहतात. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लावा. नोंद मागाहून होत राहील." मग पान उलटून त्यांनी कलम ७ वर बोट ठेवलं. ते कलम मला आजही पाठ आहे. पहिल्या अधिसूचनेच्या लगेच आधी जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर त्या आधीपासून कायम स्वरूपाचं बांधकाम उभं आहे, किंवा जी राहत्या घराला लागून त्या घराचाच भाग म्हणून आहे, अशा जमिनीखालून ही लाइन टाकता येत नाही. आणि कुठेही टाकली तरी जमिनीच्या पृष्ठापासून एक मीटरपेक्षा कमी खोल टाकता येत नाही.

म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. फक्त त्या कायद्याला आमचं घर दिसत नव्हतं. सातबाऱ्यावर ते नव्हतंच. 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा, विहिरीची नोंद, बस्स. घर नाही. अकृषिक परवानगी आम्ही कधी काढली नव्हती. वकील म्हणाले, त्याची गरजही नव्हती, कारण जमीन महसूल संहितेत शेतकऱ्याने आपल्या कुटुंबाला राहण्यासाठी शेतात बांधलेलं घर 'शेतघर' या व्याख्येत बसतं. पण सर्व्हे करणाऱ्यांनी उतारा बघून जिरायत शेती लिहिली आणि रेघ ओढली. घर बेकायदा नव्हतं. ते नोंदलेलंच नव्हतं.

मग कागद गोळा करायला लागले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा आकारणी उतारा, सगळ्यात कामाचा ठरला. त्यात २०१० पासून घरपट्टीची आकारणी होती, भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचं, क्षेत्रफळासकट. घरपट्टीच्या पावत्या सासूबाईंनी गोधड्यांच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवल्या होत्या. एकही गहाळ नाही. वीज जोडणीचं पहिलं बिल सापडलं. सासऱ्यांना दगड-विटा पुरवणाऱ्याची वही मात्र उंदरांनी खाल्ली होती. थोरल्याने पुण्याहून एक फार उपयोगाची गोष्ट केली. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची उपग्रहचित्रं बघता येतात. त्याने २०११, २०१५ आणि २०२० ची चित्रं तारखेसकट छापून पाठवली. तिन्हींत आमचा पत्रा उन्हात चमकत होता, मागचा गोठा दिसत होता, आणि २०२० च्या चित्रात नवं शौचालयही. सासूबाईंनी ते कागद खूप वेळ हातात धरून ठेवले. "हे वरून काढलंय व्हय? मग त्यांना दिसलं कसं न्हाई?"

१ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी होती. शेवटच्या दिवसावर ठेवायला मन धजेना. २८ फेब्रुवारीला, सोमवारी, शाळेतून रजा टाकली आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन अर्ज दोन प्रतींत दिला. आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलले नाही. आवक टेबलावरचे कारकून म्हणाले, "मॅडम, ठेवून जा, नंतर नंबर पडेल." मी म्हणाले, "भाऊ, मी थांबते." पाऊण तास थांबले. सुनावणीत पहिला प्रश्न हरकत मुदतीत आली का हाच होता, आणि मी तो शिक्का पुढे केला.

सुनावणी २१ एप्रिलला लागली. प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी होते. शांतपणे ऐकून घेणारे. कंपनीचे एक अभियंता, त्यांचा सर्वेअर, आमचे वकील, सासूबाई, हे आणि मी. अभियंत्यांचं म्हणणं सरळ होतं: रेघ घराला लागत नाही, ती सात मीटर लांब आहे. मी जन्मात कधी साहेबांपुढे असं बोलले नव्हते, पण गणित माझ्या विषयाचं होतं. मी म्हणाले, "सर, रेघेला रुंदी नाही, पण पट्ट्याला आहे. लाइनसाठी वापराचा हक्क घेतात तो पट्टा २० मीटरचा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा. रेघ भिंतीपासून सात मीटरवर असेल तर पट्टा तीन मीटर माझ्या स्वयंपाकघरात येतो." सर्वेअरने नकाशा उलगडला, पट्टी लावली, आणि काही बोलला नाही.

मग प्रश्न आला तो मोकळ्या जागेचा. घर सोडा, पण मागची जागा घराचा भाग कशावरून? ती तर शेतीच दिसते. इथे सासूबाई बोलल्या. वकिलांनी त्यांना काहीही पढवलं नव्हतं.

"साहेब, कपडे तिथं वाळत घालते. पाण्याची टाकी तिथं. संडास तिथं. म्हशी तिथं बांधते. नातवंडांना तिथं उन्हाला न्हाऊ घातलं. हे गेलं तर घर कशाचं?"

साहेबांनी ते लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं. 'राहत्या घराला लागून असलेली जागा' या कायद्यातल्या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी समजला. टाकी, शौचालय, शोषखड्डा, गोठा, वाळवण, तुळस: ज्यांच्यावाचून घरात राहता येत नाही, ते सगळं. जे कुणी असा अर्ज करतील त्यांनी नुसतं 'आमचं अंगण' असं लिहू नये. अंगणात काय काय आहे, कधीपासून आहे, भिंतीपासून किती मीटरवर आहे, ते एकेक लिहावं आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडावा. आम्ही मुलीच्या भूमितीच्या वहीतल्या आलेख कागदावर काढला होता.

६ मेला संयुक्त पाहणी झाली. भर उन्हात टेप, पंच, तलाठी. गट मोठा होता म्हणून वाट निघाली. रेघ ३४ मीटर उत्तरेला, बांधालगत सरकवता येईल असं अभियंत्यांनीच सुचवलं. पुढच्या-मागच्या गटांत वळण बसतं का ते बघायला दोन महिने गेले, पण बसलं. घर वाचलं, गोठा वाचला, थोरल्याच्या दोन खोल्यांची जागाही वाचली.

आणि बांधावरचे आंबे पट्ट्यात आले. अकरापैकी सहा.

याचा निर्णय आम्हीच घेतला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार. त्या संध्याकाळी सासूबाई प्रत्येक झाडाला हात लावून आल्या. यांनी जेवण केलं नाही. मला आजही वाटतं की पर्याय नव्हता. तरी मोहोर येतो तेव्हा उत्तरेकडे बघवत नाही.

वापराचा हक्क म्हणजे काय, हे गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणायचं जमीन गेली, कुणी म्हणायचं काहीच जात नाही, उलट पैसे मिळतात. दोन्ही अर्धवट. मालकी आमचीच राहिली. सातबारा आमच्याच नावावर, फक्त इतर हक्कात नोंद चढली. त्या पट्ट्यात कांदा, गहू, मका, घास काहीही घेता येतं. पण इमारत बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, तळं किंवा बांध घालता येत नाही, झाड लावता येत नाही. हे कायमचं, आमच्या नातवंडांनाही. त्याबद्दल कायद्याने जमिनीच्या बाजारमूल्याच्या १० टक्के मिळतात, आणि झाडं, उभं पीक, इतर नुकसान यांची भरपाई वेगळी. विकायला काढली तर घेणारा या नोंदीकडे बोट दाखवूनच भाव करणार.

भरपाईच्या वेळी वारसांचा विषय पुन्हा आला. फेरफार मंजूर होऊन सासूबाई, हे आणि माझ्या दोन्ही नणंदा अशी चार नावं लागली होती. रक्कम द्यायला चौघांच्या सह्या आणि बँक खाती हवी होती. गावातले लोक म्हणाले, नणंदांकडून हक्कसोड घेऊन टाका, सोपं पडेल. मला ते पटलं नाही. आंबे त्यांच्या वडिलांनी लावले होते. थोरल्या वन्सं सही करायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पैसे वहिनी तुम्हीच ठेवा, पण नाव राहू द्या." नाव राहिलं, आणि पैसेही चार खात्यांत चार भाग होऊनच गेले.

काम जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. रब्बीचा कांदा दोन महिन्यांचा होता. आधी पंचनामा: किती ओळी, किती वाफे, ठिबकच्या नळ्या किती मीटर, विहिरीवरून येणारी पीव्हीसी लाइन कुठून जाते. मी त्याआधीच आमच्या घराच्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवले होते, वर्तमानपत्राचं त्या दिवसाचं पान शेजारी धरून. खाली कातळ आहे, तो ब्रेकरने फुटणार, हादरे बसणार हे माहीत होतं. गोठ्याच्या भिंतीला नंतर खरंच भेग गेली. फोटो दाखवले तेव्हा वाद झाला नाही.

सगळ्यात जास्त जीव लागला तो मातीसाठी. आमच्याकडे वर दीड हात काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. चर खणताना वरची माती वेगळ्या ढिगात आणि खालचा मुरूम वेगळ्या ढिगात टाकायचा, बुजवताना उलट्या क्रमाने भरायचं. हे झालं नाही तर मुरूम वर येतो आणि त्या पट्ट्यात पुढची कित्येक वर्षं पीक उभं राहत नाही. शेजारच्या मळ्यात पोकलेनवाल्याने सगळं एकत्र ओढलं होतं. आमच्याकडे मशीन आलं त्या दिवशी सासूबाई छत्री घेऊन चरापाशी खुर्ची टाकून बसल्या. ऑपरेटर बिहारचा पोरगा होता. त्याला त्यांची भाषा कळत नव्हती, त्यांना त्याची. हाताने दाखवत होत्या, काळी इकडे, पिवळी तिकडे. त्याने दोन दिवस तंतोतंत तसंच केलं. दुपारी त्याला भाकरी आणि ठेचा दिला.

पाइप जोडून, वेल्डिंग तपासून, खाली मऊ माती पसरून चरात सोडले. मी उतरून टेप लावला. पाइपच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत १.२ मीटर. ठिबकची मुख्य नळी तीनदा तुटली, तिन्ही वेळा त्याच दिवशी जोडून घेतली, कारण कांदा पाण्यावर होता.

मार्चअखेर ठेकेदाराचा माणूस एक छापील कागद घेऊन आला. जमीन पूर्ववत करून मिळाली, तक्रार नाही, खाली सही करा. बऱ्याच जणांनी उभ्या उभ्या केली. मी म्हणाले, पहिला पाऊस झाल्यावर या. तो नाराज झाला, दोनदा फोन केले. जुलैमध्ये पाऊस झाला आणि चर अर्धा फूट खचला. बुजवलेली माती बसतेच, त्यात नवल नाही. पण त्या सऱ्यांत घोटाभर पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं. फोटो पाठवले. दिवाळीनंतर ट्रॉलीने काळी माती आणून भर घातली, बांध पुन्हा रचला. तेव्हा सही केली, आणि सहीखाली तारीख व 'गोठ्याच्या भिंतीची दुरुस्ती बाकी' असं हाताने लिहिलं. ती पुढे झाली.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. १० टक्क्यांचा हिशोब करताना जमीन जिरायत धरली गेली. हेक्टरी ९ लाखांच्या दराने २३ आर ६० चे २१ हजार २४० रुपये झाले. आमची जमीन विहीर बागायत आहे, १५ लाखांच्या दराने ते ३५ हजार ४०० व्हायला हवे होते. पण २०२१ च्या खरिपात ई-पीक पाहणी नवीनच आली होती, ॲपवर शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवायचं होतं, आणि आम्ही ते केलं नाही. पीकपाण्याचा रकाना त्या वर्षी रिकामा राहिला, म्हणून पडीक-जिरायत समजले. फरक १४ हजारांचा. यांचं म्हणणं आहे, एवढ्यासाठी कोर्टाचे हेलपाटे कशाला. मला तो फरक सोडायचा नाही. सक्षम प्राधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो, तो केला आहे. विहिरीची नोंद, कृषी पंपाची बिलं आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा जोडला आहे. तारखा पडताहेत.

बांधालगत आता पिवळे खांब आहेत, त्यांवर लाल अक्षरांत धोक्याची सूचना. दर काही दिवसांनी लाइन तपासणारा एक मुलगा पायी येतो. खांद्यावर पिशवी, हातात काठी. सासूबाई त्याला पाणी देतात. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "आजी, इकडं झाड नाही ना लावलं?" त्या म्हणाल्या, "मेथी लावलीय, चालती का?" तो म्हणाला, चालते.

घराची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी म्हणून अर्ज केला आहे. आणि ई-पीक पाहणी मी आता दर हंगामात स्वतः करते. मोबाइल घेऊन गटाच्या मध्यावर उभं राहायचं, ठिकाण पकडेपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा. परवा कांद्याची केली. मग बांधाकडे गेले आणि राहिलेल्या पाच आंब्यांची केली.